जंतूंचा रिपोर्ट

“जंतू काय एकटीच्याच अंगात उगवत्यात व्हय? तुझीबी तपासणी कर!”

गंगापूर रोडच्या लॅबमध्ये कळवणकडची एक बाई एका पुरुषावर असं ओरडली, की शपथेवर सांगतो, तिकडे एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमणीनं धूर परत गिळला.

त्याच्या तरुण बायकोच्या गर्भपिशवीचा पीसीआर रिपोर्ट मुंबईहून आला होता. मूल होत नव्हतं, आणि जंतू सापडले होते.

“दोष हिच्यातच. माहेरी सोडतो,” म्हणत तो उठला.

बाई दारात आडवी झाली. एका हातानं चौकट धरलेली, दुसऱ्यानं त्या तरुण बायकोचं मनगट. पापणीसुद्धा हलेना. शेवटी तो तपासणीला आत गेला.

काउंटरमागून मी दबकत विचारलं, “तुम्ही त्याची बहीण का?”

“नाय. पहिली बायको. माझ्या येळेला ही तपासणी नव्हती.”