शेवंता म्हणे

१९७४ साली, दुष्काळानंतरच्या पहिल्या यात्रेत, कवठे येमाईला माझ्या आईनं रचलेल्या गाण्यासाठी आमच्या फडमालकाला फेटा बांधण्यात आला. सकाळची हजेरी होती. हजेरीत फडानं दिवसाउजेडी, देवीपुढं कला दाखवायची असते. मी सतरा वर्षांची होते. आईच्या मागं उभी राहून सूर धरत होते.

दुष्काळात तमाशे बंद पडले, तेव्हा आई खडी फोडायला गेली. खडी फोडण्यावरचं हे गाणं तिथं झालं. तिला लिहिता येत नव्हतं. ती म्हणायची, मी पाठ करायची. शेवटची ओळ होती: 'गणपत म्हणे, ढग आटला, डोळा मातुर आटंना.' गणपत म्हणजे मालक. गाणं कुणीही करो, शेवटच्या ओळीत नाव मालकाचं, ही फडाची रीत. मालक खडीवर एक दिवसही आले नव्हते.

फेटा बांधून झाला. गर्दीतल्या एका म्हातारीनं विचारलं, "मालक, खडी कवा फोडली तुम्ही?"

लोक हसले. तेवढ्यात आई बोलली, "आप्पा, कवन म्या केलंय."

आप्पा म्हणजे फेटा देणारे बागाईतदार. त्यांनी तिच्याकडं पाहिलं नाही. मालकाच्या फेट्याचा शेमला नीट करत म्हणाले, "बाई, तुमचं काम पायाचं. डोक्याचं काम डोकं असणाऱ्याला करू द्या."

आता सगळेच हसले. ढोलकीवाला हसला. आईही हसली. मग तिनं हात जोडले, चुकलं म्हणाली. नाचली तर माफ, असं आप्पांनी सांगितलं. ती नाचली. त्याच गाण्यावर. मी मागं सूर धरला. मान वर होत नव्हती. मला लाज वाटली ती आईची. हसणाऱ्यांची नाही, तिचीच.

नंतर ती मला एवढंच म्हणाली, "पोटाला नाव लागत न्हाई."

पुढची यात्रा कासुर्डीची. आईचा घसा बसला होता, म्हणून मालकांनी ते गाणं मला म्हणायला लावलं. शेवटच्या ओळीला मी 'शेवंता म्हणे' असं म्हटलं. शेवंता माझी आई. ढोलकी थांबली. मालकांनी ओळ पुन्हा म्हणायला सांगितली. मी पुन्हा तशीच म्हटली.

"भवाने, फड कुणाचा हाय?"

"फड तुमचा. गाणं तिचं."

त्याच दुपारी आमची ट्रंक फडाच्या ट्रकमधून खाली ठेवण्यात आली. आई वाटेत माझ्याशी बोलली नाही. दौंडला आम्ही दोघी धान्य निवडायच्या कामाला लागलो.

त्यानंतर दोन फडांचे मालक मला न्यायला आले. गाणी आईची असतील आणि शेवटच्या ओळीत नाव तिचंच राहील, हे मी दोघांना आधीच सांगितलं. दोघंही परत गेले.