पुंजारामचा गुडघा

पुंजाराम माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन अकोल्यात आले तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि माझ्याच ताटात जेवायचा, म्हणून भाऊजी कधी तोंडात बसलंच नाही. सासू म्हणायची, दीर आहे तो, जरा मान देत जा. मी म्हणायची, आधी त्याचा शेंबूड पुसते, मग मान देते.

मोठा झाल्यावर तो कापसाच्या प्रेसमध्ये लागला. जिनिंगमधून रुई निघाली की ती लाकडी पेटीत टाकायचे, चार गडी आत उतरून पायांनी तुडवायचे आणि मग यंत्र तिची गाठ दाबायचं. त्या चौघांत पुंजाराम म्होरक्या. तो ‘हां’ म्हणेल तसे बाकीच्यांचे पाय पडायचे. दिवाळीपासून होळीपर्यंत भुवयांसकट पांढरा होऊन घरी यायचा आणि त्याची बायको मैना त्याला दारातच झटकायची, गोधडी झटकावी तशी. त्याला दुसरं काम येत नव्हतं, आणि यावं असं वाटतही नव्हतं.

चौसष्ट साली पेटीतून वर चढताना पाय घसरला, गुडघा पिरगळला. आत काहीतरी कट्कन वाजलं म्हणे. आठ दिवस लंगडला आणि पुन्हा उतरला पेटीत. सुजल्या गुडघ्यानं दोन हंगाम काढले. तिसऱ्या हंगामात पाय टाकताना ओठ चावायला लागला, आणि त्याचा पाय चुकला की चौघांचे चुकायचे. मुकादम माणूस बरा होता. म्हणाला, पाय नीट करून ये, पुढच्या दिवाळीपर्यंत तुझी जागा ठेवतो. त्यापुढे माझ्या हातात नाही.

अमरावतीच्या एका दवाखान्यात तेव्हा विलायतेहून शिकून आलेला हाडांचा तरुण डॉक्टर होता. तोही जानेवारीअखेरपर्यंतच, मग त्याला दूर कुठे जायचं होतं. पुंजाराम एकटाच दाखवून आला आणि ओट्यावर बसून मला समजावू लागला.

“वैनी, बकऱ्याच्या गुडघ्यावर पांढरं, चिकनं राह्यते ना, तसंच आपल्यातबी राह्यते. माहं झिजलं. त्यात रगत नाई, म्हनून त्याची जखम भरत नाई म्हंते डॉक्टर.”

डॉक्टर त्याखालच्या हाडाला बारीक बारीक भोकं पाडणार होता. आतलं रक्त वर येईल, साकळेल आणि त्याचंच हळूहळू ठिगळ धरेल. पहिल्यासारखं नाही व्हायचं, पण ठिगळ होईल. मग तीन महिने पायावर भार द्यायचा नाही. विलायतेत तर म्हणे त्या पांढऱ्याचे कण काचेच्या बाटलीत वाढवून पाहून राहिले होते, विरजण लावल्यासारखे. एक दिवस तेच गुडघ्यात बसवतील. मी विचारलं, अन् त्यात मांजरीनं तोंड घातलं तर? तो असा हसला की त्याला ठसका लागला. त्या दोन वर्षांत तो तेवढाच हसलेला मला आठवतो.

छप्पन साली आम्ही दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव गेले, ताईत गेले, अंगारा गेला. बिबा मात्र फडताळातल्या डब्यात राहिला. तो काही देव नव्हता, औषध होतं. आईनं लावलेला, सासूनं लावलेला.

पौषातली थंडी होती. ऑपरेशनला चार दिवस राहिले होते. मैना बाळंतीण बहिणीकडे हिवरखेडला गेली होती. पुंजाराम सकाळी उन्हात बसून गुडघा धरून कण्हत होता. डॉक्टरनं बजावलं होतं, काही चोळायचं नाही, लेप लावायचा नाही. आता बिबा काही चोळत नाहीत, त्याचा लेपही नसतो. सुईला टोचून दिव्यावर धरायचा, तेल सुटलं की ठिपके द्यायचे. एवढीच माझी अक्कल. मी गुडघ्याभोवती अकरा ठिपके दिले. त्यानं पाय पुढे केला, काही विचारलंसुद्धा नाही. मला वाटलं, एवढे चार दिवस तरी सुखानं जातील.

दुसऱ्या दिवशी फोड आले, तिसऱ्या दिवशी फुटले. कातडं लाल होऊन मांडीपर्यंत सूज चढली. त्याच्याबरोबर मीच गेले. डॉक्टरनं फडकं सोडलं आणि वाकून पाहिलं.

“हे कोणी केलं?”

मी तोंड उघडलं, पण पुंजाराम आधी बोलला.

“मीच लावला, साहेब.”

डॉक्टर रागावला असता तर बरं झालं असतं. तो स्टुलावर बसला. म्हणाला, अशा कातडीतून गुडघा उघडला तर पू आत जाईल आणि पाय कापावा लागेल. कातडी पुरती भरू द्या. भरायला दोन महिने लागतील. मग त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. आम्हीही पाहिलं.

परतताना बडनेऱ्याच्या फलाटावर गाडीची वाट पाहत मी रडत होते. तो म्हणाला, “मैनेले सांगू नको. मले दोन दिवस बोलन अन् चूप बसन. तुले जनमभर बोलन.”

मार्चात पुन्हा गेलो. नवा डॉक्टर म्हणाला, हे भोकांचं काम मी करत नाही. हाडाला हाड सांधून देतो. दुखणं जाईल, पण गुडघा वाकणार नाही. नागपूरलाही विचारलं, तिथेही तेच उत्तर मिळालं. पुंजारामनं दिवाळीपर्यंत दम धरला. दिवाळीला मुकादमानं त्याच्या जागी दुसरा गडी उतरवला, आणि त्या माघात यानं गुडघा सांधून घेतला.

पाय काठीसारखा सरळ झाला. पंगतीत बसता येईना, परसाकडे बसता येईना. विहारात वंदनेला सगळे खाली बसत, हा भिंतीला टेकून उभा. मैना एकटी जिनिंगमध्ये जायची आणि आल्यावर बोलायची. मला, शेजारणींना, दिसेल त्याला. “डॉक्टर पाय देऊन राह्यला होता, अन् यायनं बिबा लावला.” दोन दिवस नाही, रोज. तो खाटेवर पडून ऐकायचा आणि मी तिथेच तूर निवडत बसलेली असायची.

एकदा ती पाण्याला गेलेली पाहून मी त्याला म्हटलं, आज मी तिला सांगते.

“सांगून का होते, वैनी? गुडघा वाकते काय माहा?”

मग भिंतीकडे तोंड करून म्हणाला, “बोलू दे तिले. तिनं तरी कोनाले बोलावं?”

एकोणसत्तरच्या पावसाळ्यात तो काविळीनं गेला. वस्तीतल्या बाया जमल्या. मैना त्याच्या सरळ पायावर डोकं ठेवून रडत होती, यायनं सोताच्या हातानं पाय घालवला म्हणत होती. बाया म्हणाल्या, नशीब त्याचं. मी तिला धरून बसले होते, पाठीवरून हात फिरवत होते. सगळ्यांसमोर सांगायचं मनात होतं. शब्द आला नाही. अजून आलेला नाही.