किशनरावाच्या अ‍ॅम्प्लीची वाकळ

किशनरावाला कुणी नुसतं "बरं हाय का" इचारलं तरी तो आधी जीपचं सांगायचा, मग बायकोचं, आन् येळ उरला तर सोताचं. मी अन्सार. वारंगा फाट्यावर माझं टेप दुरुस्तीचं दुकान, म्हणून त्याच्या जीपचं सगळं गाऱ्हाणं माझ्या डोक्यावर. आखाडा बाळापूर ते नांदेड तो काळी-पिवळी चालवायचा. माणसं कशीबी कोंबायचा, पण सीटखालच्या अ‍ॅम्प्लीला कुणाचा पाय लागला की भर रस्त्यात गाडी थांबवून त्याला खाली उतरवायला निघायचा.

हा अ‍ॅम्प्ली त्यानं दोन हजार तीन साली आणला, तो बाळापूरच्या जयंतीसाठी. बॉनेटवर बाबासाहेबांचा फोटो ठेवून मिरवणुकीत सगळ्यात पुढं चालायचा मान त्याच्या जीपचा. पैल्याच वर्षी ऐन बाजारात अ‍ॅम्प्ली बंद. नाचणारी पोरं हात वर करून तशीच उभी. मागून उत्तमरावाचा ट्रॅक्टर भोंगे वाजवत पुढं निघून गेला. उत्तमराव म्हणजे किशनरावाचा सख्खा साडू. मग काय, जिथं भेटंल तिथं "पेशंट कसा हाय तुमचा?" म्हणून इचारायचा. जयंतीच्या मंडळानं किशनरावाला बजावलं, अजून एक डाव देतो, फुडच्या जयंतीला बंद पडला तर मान कायमचा ट्रॅक्टरला.

मग वर्षभर हा माणूस माझ्या दुकानात पडीक. "अन्सारभाई, चालता चालता बंद पडून राहिला. काहून?"

मी बॅटरी बदलून पायली. अर्थिंगची वायर काढून, बॉडीचा रंग खरडून, पत्र्याला घट्ट आवळली. फ्यूज पायला, स्पीकरच्या वायरी कुठं घासून उघड्या पडल्या का तेबी पायलं. सगळं बराबर. दुकानासमोर दुपारभर वाजवला तर एकदम ठणठणीत. किशनराव खूश होऊन घरी जायचा आन् दुसऱ्या दिशी तोंड पाडून पुन्हा हजर. बंद पडला की बारका लाल दिवा लागायचा, म्हणजे अ‍ॅम्प्ली सोताला वाचवायला बंद होऊन राहिला, एवढं मला कळत व्हतं. कशापासून वाचवून राहिला ते काही कळंना. शेवटी माझं डोकं फिरलं.

"किशनराव, ह्याला माझ्याजवळ करमतं, तुमच्याजवळ करमत न्हाई. तुमचंच काहीतरी चुकून राहिलं."

तो माझ्याकडं न पाहताच जीपकडं निघाला.

जयंतीच्या दिशी दुकान बंद ठेवून मी जीपसंगं पायी चाललो. वर्षभर दुरुस्त करून माझीबी इज्जत त्यात अडकली व्हती ना. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत व्हतं. गाणं लागलं, पोरं नाचायला लागली, बाजारात पोचलो आन् नेमका तिथंच लाल दिवा. मागं उत्तमरावानं ट्रॅक्टरला गेर टाकला. किशनरावाच्या तोंडाकडं पाहवंना. मी मागचं दार उघडून सीटखाली हात घातला, तर हाताला पत्रा लागायच्या जागी कपडा लागला, चांगला जाडजूड.

ओढून काढलं तर वाकळ. अ‍ॅम्प्लीच्या मापाची, चारी बाजूंनी शिवलेली, गुलाबी अस्तराची, वर निळ्या दोऱ्याची फुलं, बांधायला नाड्यासुद्धा. आतला अ‍ॅम्प्ली तव्यासारखा तापलेला. माझं बोट भाजलं.

"हे काय हो?"

"धूळ बसती म्हणून जनकाबाईनं शिवली." जनकाबाई म्हणजे त्याची बायको. "पैली पातळ व्हती. बंद पडायला लागला तसा तिनं आणखी एक थर घातला. मग आणखी एक."

"आन् दुकानात येताना कुठं असायची ही?"

"घरी ठेवून यायचो. फुलं पाहून तुमी हसले असते."

हसलो असतो, ते खरं. पण माझ्याकडं त्याला उघडा आणायचा, आन् रस्त्यानं भर उन्हाळ्यात वाकळ पांघरून फिरवायचा. कुणी काय दुरुस्त करावं सांगा.

तोवर जनकाबाई बायांतून पुढं आली व्हती. सगळं तिनं ऐकलं. अ‍ॅम्प्लीला हात लावून पायला, चटका बसला तसा मागं घेतला. मग नवऱ्याकडं वळून हळूच म्हणाली, "माझ्या फुलांची लाज वाटली व्हय तुमाला?"

ट्रॅक्टर पार जवळ आला व्हता, पण किशनरावाचं ध्यान तिकडं नव्हतंच. मी एक पुठ्ठा घेऊन अ‍ॅम्प्लीला वारा घालत बसलो. किशनराव उठला, माझ्या हातातली वाकळ घेतली, झटकली. बॉनेटवरचा फोटो दोन्ही हातांनी उचलून ट्रॅक्टरवरनं उतरून आलेल्या उत्तमरावाच्याच हातात धरायला दिला. वाकळ बॉनेटवर नीट पसरली, फुलं वर करून, आन् फोटो परत घेऊन तिच्यावर ठेवला.

"बॉनेटबी लई तापतं," कुणी इचारलं नसताना तो म्हणाला.

जनकाबाईनं एक कोपरा दुमडला व्हता तो सरळ केला. तेवढ्यात अ‍ॅम्प्ली थंड होऊन लाल दिवा गेला, हिरवा लागला. सीटखालून गाणं सुरू झालं ते मिरवणूक संपेस्तोवर थांबलं न्हाई, आन् ट्रॅक्टर मागंच राहिला. जनकाबाई परत बायांत गेली न्हाई, जीपच्या बाजूनं चालत राहिली.

आठ दिवसांनी किशनराव दुकानात आला. काम काहीच नव्हतं. वाकळ खांद्यावर, सगळ्या फाट्याला दिसंल अशी.

"अन्सारभाई," म्हणाला, "आता हसा काय हसायचं ते."