सतरा एकांचा भागाकार

माझे आजोबा तातेराव भोकरदनच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले, बदनापूरला येऊन राहिले आणि एका संख्येच्या मागं लागले. दिसायला गरीब संख्या. सतरा वेळा एक, ओळीनं: १११११११११११११११११. ही मूळ संख्या आहे, की हिला कुणाचा तरी निःशेष भाग जातो? मोबाइलनं क्षणात सांगितलं असतं, पण मोबाइलला विचारायचं नाही, असा आमच्या घरात कायदा होता.

शाळेनं काढून टाकलेला फळा त्यांनी ओसरीत टांगला. आजीला, म्हणजे उषाबाईंना, त्या भिंतीवर फडताळ हवं होतं. "भाग गेला का?" असं ती जेवायला बोलावताना विचारायची. आजोबा "न्हाई" म्हणायचे आणि हात धुवायला जायचे.

या खुळालाही शिस्त होती. भाग गेलाच, तर चौतिसानं भागल्यावर एक उरतो अशाच मूळ संख्येनं जाईल, हे त्यांनी स्वतः सिद्ध केलं होतं. मग एकशे तीन, एकशे सदतीस, दोनशे एकोणचाळीस असं करत दहा-अकरा वर्षांत ते एकोणीस लाखांच्या पुढं पोचले. पण संख्या मूळ असली, तर साडेदहा कोटींपर्यंत जाऊनच तसं म्हणता येणार होतं. तेवढं आयुष्य कुणाला असतं? हे त्यांना कळत होतं, बोलत मात्र नव्हते.

मग डोळ्यांनी दगा दिला. एक आधीच निकामी होता, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकला. जालन्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, खात्री दिली नाही. फळ्यावरचे तीन आणि आठ सारखेच दिसायला लागले, तेव्हा आजोबांनी खडू ठेवून दिला आणि नुसते बसून राहिले. मला ते बघवेना. मी कायदा मोडला.

भाग जातो. वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेविसानं. त्यांच्या चालीनं सात-आठ महिन्यांचं काम उरलं होतं. मला आधी हसू आलं, मग भयंकर राग आला. एवढं कळूनही कुणाला सांगायची सोय नव्हती. शेवटी आजीला सांगितलं.

"सांगून टाक त्यांला," ती म्हणाली. "डोळ्याचं काही खरं न्हाई."

ऑपरेशनच्या सकाळी मी त्यांच्या कॉटजवळ बसले होते. तोंड उघडणार, तेवढ्यात तेच म्हणाले, "शीतल, तू बघितलंस. तुझ्या आवाजावरून कळून राह्यलं मला."

मी त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली.

"आकडा सांगू नको. भाग जातो का न्हाई, एवढंच सांग."

"जातो, आजोबा."

त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"आणि तो जवळच..." मी पुढं सांगायला लागले.

"बस. पुढं बोलू नको."

डोळ्यात थेंब टाकायला नर्स आली. तिच्याकडं तोंड करून आजोबा म्हणाले, "बाई, डॉक्टरला सांगा, बराबर करा म्हणावं. मला काम हाये."