चिंधी बांधलेली वांगी

हो म्हणायला माझी जीभ कधी मागे राहिली नाही. लग्नाला हो म्हटलं तेही समोरचा चहा निवायच्या आत. त्यामुळे पुण्याहून फोन आला, "पंचवीस किलो भरीत पाठवाल का?", तेव्हा शेतात वांगी किती उरलीत हे न बघताच मी बोलून बसले, "पाठवते ना."

आमचं शेत सावद्याच्या अलीकडे, दोन एकर. दीड एकरात केळी. केळीचं म्हणाल तर भाव व्यापारी ठरवतो आणि उभी बाग वारा ठरवतो. उरलेल्या अर्ध्या एकरात भरताचं वांगं. फिकट हिरवं, ओंजळीत न मावणारं. पूर्वी ते क्रेट भरून मार्केटला जायचं आणि मिळेल त्या भावाला सुटायचं. चार हिवाळ्यांपूर्वी मी म्हटलं, वांगी कशाला विकायची, भरीतच विकू. माझे सासरे, म्हणजे नाना, कापसाच्या काड्यांवर वांगी भाजतात आणि लाकडी बडगीत ठेचतात. फोडणी माझी. संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सवर डबे चढवायचं काम नवऱ्याचं. दोन एकरवाल्यानं आपला भाव आपण सांगायचा, ही गोष्ट आमच्या घरात पहिल्यांदाच घडली. मला तर त्याचा भारीच तोरा आला होता.

पण सगळा जीव त्या वांग्यात होता. त्याचं बी दुकानात मिळत नाही, घरचंच धरावं लागतं. हंगाम सरताना नाना चार झाडं निवडायचे, त्यांना जुन्या लुगड्याची चिंधी बांधायचे आणि त्यांवरची फळं पिवळी होईपर्यंत कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. पुण्याच्या ऑर्डरच्या वर्षी पहिलं रोप पावसात वाहून गेलं होतं, म्हणून डब्यातलं होतं नव्हतं ते बी दुसऱ्यांदा टाकलं होतं. डबा रिकामा होता. हे मला माहीत होतं. आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणी माझी बाजू घ्यायला नको.

ऑर्डरच्या दिवशी सगळा वाफा झाडून वांगी काढली तरी कमीच पडली. चिंधीच्या झाडांवर चौदा फळं होती, अजून हिरवीगार. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. मनाशी म्हटलं, झाडं कुठे जातायत, पुन्हा लागतील. आणि तोडली. टोपलीत इतर वांग्यांच्या खाली घातली, यावरूनच कळतं की मला कळत होतं.

नाना भाजत होते, सोलत होते, बोटांनी फोडून बडगीत टाकत होते. एका वांग्यापाशी त्यांचा हात थांबला. आतलं बी त्यांनी अंगठ्यानं चोळून बघितलं. ते निबर व्हायला लागलं होतं.

"हे कोन्या झाडाचं?"

माझं माहेर पारोळ्याचं. घाबरले की मी सासरची बोली विसरते. "मनी चूक व्हयनी, नाना," एवढंच तोंडातून निघालं.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खाली मान घालून सगळं भरीत ठेचलं, हात धुतले आणि उठून गेले. डबे पुण्याला पोचले. असं भरीत जन्मात खाल्लं नाही, असा फोनही आला.

मग मी त्या चार झाडांच्या मागे लागले. खत घातलं, पाणी दिलं, वरून जुनी साडी बांधून सावली केली. फाल्गुनातल्या उन्हानं सगळी फुलं गाळली. दुकानातून पाकीट आणलं, तर नानांनी ते उलटून पालटून बघितलं आणि म्हणाले, "हे भाजीचं वांगं. याचं भरीत म्हणजे नुसतं पानी." मग पाकीट माझ्या हातात परत ठेवत म्हणाले, "थोरलीकडे असेन बी."

थोरली म्हणजे माझी जाऊ. वाटणी झाल्यापासून त्यांचे दोन एकर बांधापलीकडे. विहीर त्यांच्या वाट्याला गेली आणि आमची मोटारीची पाळी ठरली. एका उन्हाळ्यात केळी माना टाकायला लागली, तेव्हा मी तिच्या पाळीत मोटार चालू केली. ती बंद करायला आली, आणि मी तिला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर आम्ही बोअर मारली आणि बोलणं बंद झालं. त्याला तीन वर्षं झाली होती.

नवरा म्हणाला, "मी भाऊला विचारतो."

"तू नको," नाना म्हणाले. "जिनं तोडलं तिनं जावं."

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन गेली तरी माझे पाय उचलत नव्हते. शेवटी रोप टाकायचे दिवस तोंडावर आले, तेव्हा गेले. जाऊ अंगणात बाजेवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे वाळवणाचे जाड पापड, घालत होती. तिनं वर बघितलं आणि पिठाचं पातेलं माझ्याकडे सरकवलं. मीही पाणी लावून बिबडे थापायला बसले. अर्धी बाज भरली तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं. वांग्याचं सांगितलं, मोटारीचंही सांगितलं. तेव्हा मी चुकले, असं तिला पहिल्यांदा म्हटलं. म्हणताना रडू आलं, ते मी आवरलंही नाही.

"मले ठाऊक आहे वांग्याचं. गावाले ठाऊक आहे," ती म्हणाली. "माह्याकडे आहे बी. दरसाल दोन झाडं ठेवते मी."

"मग?"

"पन बी मी देनार नही."

बरोबरच होतं तिचं. मी हात झटकून उठले.

"बस खाली. उठायची भारी घाई तुले," ती म्हणाली. तिचा हात बिबड्यावर गोल फिरतच होता. "बी दिलं तर तू आजच्यापुरती येशीन. रोप माह्या विहिरीवर टाकू दोघींचं. मंग पानी द्यायले तुले रोज यावं लागीन."

हो म्हणायला माझी जीभ त्या एकाच वेळी मागे राहिली. मी नुसती मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला गेले, तर तिनं वाफे ओढून ठेवले होते आणि पदराच्या गाठीत बी घेऊन ती उभी होती.

"उशीर केला," म्हणाली.