श्रीपतचं अर्धं बोट

श्रीपत गेल्याचा निरोप आला तेव्हा मी मोताळ्याच्या बैलबाजारात एका व्यापाऱ्याशी भांडत होतो. भांडण तिथंच टाकून त्याच्या गावी गेलो. सगळं आटोपल्यावर त्याची मुलगी कमल जवळ आली. "काका, तेरवीले हार घालायले बाबाचा एक फोटो पाह्यजे होता. तुमच्यापाशी हाय का?" माझ्यापाशी कुठून असणार... साऱ्या हयातीत श्रीपतचं चित्र एकदाच निघालं, आणि ज्यांनी काढलं त्यांनी ते आम्हाला आजवर दाखवलेलं नाही. हा राग मी अजून गिळलेला नाही, आणि आज गिळणारही नाही.

आम्ही दोघं बैलांचे दलाल. दुसऱ्यांच्या बैलांना पाणी पाजत धंदा शिकलो. आमच्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. दुपट्ट्याखाली समोरच्याचा हात धरायचा, बोटं दाबून आकडा सांगायचा, आणि वर चेहरा कोरा ठेवायचा. श्रीपतचं उजव्या हाताचं मधलं बोट कडबा तोडताना अर्धं गेलं होतं. ते हाताशी आलं की मी दर वेळी विचारायचो, "हे पुरं धरू का अर्धं?" त्याचं उत्तर ठरलेलं, "तू देऊन राह्यला त पुरं, मले द्या लागलं त अर्धं."

राज्य नवं नवं झालं होतं, तेव्हा मुंबईहून चित्रफीत काढणारी मंडळी जीपमधून आली. त्यांना आठवडी बाजार टिपायचा होता. त्यांच्या साहेबाला श्रीपतच्या मिशा आवडल्या. पण कॅमेरा समोर आला आणि एरवी बाजार डोक्यावर घेणारा हा माणूस खांबासारखा ताठ झाला. हात मांड्यांना चिकटलेले, नजर थेट काचेत. "सहज राहा, नेहमीसारखं बोला," साहेब सांगून थकले. गर्दी हसू लागली, तसा त्याला आणखीच घाम फुटला. मी त्याला बाजूला घेतलं. "काऊन बे, वाघ हाय का तो?"

"वाघ बरा," तो म्हणाला. "माणसाच्या डोळ्यात पाह्यलं का मले त्याच्या मनातलं समजते. हा डोळा तं पापणीच लववत नाही. याच्याशी बोलू कसा?"

लोक त्याला लाजरा म्हणत होते. मला वाटलं, ही लाज नव्हे. हा सौद्याला उभा आहे आणि याला समोरचा माणूस दिसत नाही. मग याला माणूस द्यायला हवा. मी साहेबाला चालू ठेवायची खूण केली, खांद्यावरचा दुपट्टा श्रीपतच्या हातावर टाकला आणि शेजारीच बांधलेल्या त्याच्या घरच्या जोडीचा, चांद्या-मोत्याचा, भाव दाबला. इतका पडका, की बैलांनाही राग यावा.

"बकऱ्या घेऊन राह्यला का बे?" श्रीपत उसळला.

"म्हाताऱ्या बैलाइले याहून जास्त कोण देईन?"

"म्हातारा तू! दात पाह्य त्याचे. पाह्य!" त्यानं चांद्याचा जबडा उघडून दाखवला, माझ्या सात पिढ्या काढल्या, हसणाऱ्या गर्दीलाच साक्षीला ओढलं. कॅमेरा अगदी जवळ आला तरी त्याला पत्ता नव्हता. भाव चढत गेला, शेवटी दुपट्ट्याखाली बोटं जुळली, त्यानं टाळी दिली आणि मान मागं टाकून खदाखदा हसला... आणि मग दोघंही थबकलो. सौदा झाला होता. सुरू केला चित्रापुरता, पण दुपट्ट्याखाली जुळलेला सौदा आमच्यात मोडत नाही. "सोड बे, खेळ होता," मी म्हणालो. त्यानं बैलांचे दोर माझ्या हातात दिले. "खेळ वर होता. खाली हात खराच होता. आज मी फिरलो तं उद्या मले कोण हात देईन?"

फीत तयार झाली की इथल्याच मैदानात आणून दाखवू, असं साहेब सांगून गेले. आले नाहीत. पत्रं टाकली, स्वतः मुंबईला जाऊन आवाज चढवला. "शोधतो" याखेरीज काही हाती लागलं नाही. इकडे बाजारात बोललं जाऊ लागलं, की मी कॅमेऱ्याच्या आडून भल्या माणसाची जोडी लाटली. त्या फितीत तो हसतोय, हे मी कोणाला दाखवणार? ही कुजबूज श्रीपतच्या कानावर गेली. तेव्हापासून दर पोळ्याला तो माझ्या गोठ्यावर येई, चांद्या-मोत्याची शिंगं स्वतः रंगवी आणि जो भेटेल त्याला ऐकवी, "सौदा म्या केला. राजीखुशीनं केला." बैल गेले, तरी त्याचं येणं चुकलं नाही.

आता भीती मोडली आहे तर एक फोटो काढून घे, म्हणून मी एकदा त्याला स्टुडिओत नेलं. फोटोवाल्यानं मला आत येऊ दिलं नाही. थोड्याच वेळात श्रीपत खुर्ची सोडून बाहेर आला. "अंदर कोनाशी भांडू? चाल घरी."

तेरवीला कमलनं पाटावर त्याचा दुपट्टा घडी करून ठेवला आणि हार त्याला घातला. मुंबईत कुठल्या तरी डब्यात श्रीपत अजून हसत असेल. तो डबा ज्यांच्याकडे आहे त्यांनी हे वाचावं. तो माणूस आमचा आहे, आम्हाला परत हवा आहे.

गेल्या बाजारी संग्रामपूरकडच्या एका व्यापाऱ्यानं माझ्या दुपट्ट्याखाली हात घातला. भाव सांगायला मी त्याची बोटं धरली आणि मधल्या बोटावर थांबलो. तो वाट पाहत राहिला.

"काय झालं, भाऊ? काय चाचपून राह्यले?"

"काही नाही," मी म्हणालो. "पुरं हाय."