शालिग्राम मास्तरांनी लावलेलं लग्न

आमचे मास्तर वाईट माणूस नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जे बोलणार आहे त्यावरून तसं वाटेल. शालिग्राम मास्तर म्हणजे माझा नवरा. इथे बऱ्हाणपुरात, लालबागेतल्या शाळेत मराठी आणि इतिहास शिकवायचे. विडी नाही, दारू नाही, कुणावर हात उचलणं नाही. खोड एकच, स्वतःच्या शब्दांवर भारी प्रेम. कुणाचं बारसं असो की निरोपाचा समारंभ, मास्तर कागद घेऊन बसायचे. लोक वा वा करायचे आणि मी चहा टाकायची.

छप्पन साली राज्यांची नवी वाटणी झाली. नागपूर-वऱ्हाड मुंबईकडे गेलं, आमचं बऱ्हाणपूर भोपाळला जोडलं. मास्तरांना कसलं भरतं आलं होतं. रोज जेवताना तेच, की कुसुम, अख्खा देश एक होतोय, आता माणसं एक व्हायला कितीसा वेळ लागणार. मी म्हणायची, आधी भाकरी खा, निवतेय.

त्यातच विनायक आला. यांचाच जुना विद्यार्थी, कापडवाल्या भाईदासशेठचा मुलगा, यांच्याच शाळेत शिकवायला लागलेला. बरोबर जोहरा. तिचे अब्बा घरी हातमागावर लुगडी विणायचे. ती मॅट्रिक होऊन मुलींच्या शाळेत लागली होती. दोघांना लग्न करायचं होतं, पण होमही नको आणि निकाहही नको. कुणी धर्म बदलायचा नाही. "काकी, मला माझ्याच नावानं राहायचंय," जोहरा मला म्हणाली. पोरगी मला एकदम आवडली.

मास्तर महिनाभर ते लग्न लिहीत होते. अंतरपाट ठेवला, कारण पडदा म्हणे कुणाच्याच देवाचा नसतो. तो जोहरानं स्वतः विणला. अक्षता काढल्या, फुलं आली. अग्नी काढला, मग साक्षीला काय ठेवायचं यावर चार दिवस गेले. तापीचं पाणी ठेवू म्हणाले, मग स्वतःच म्हणाले, तापी आपल्या लोकांची माय, ती कशी चालेल. शेवटी ठरलं, माणसंच साक्षीला. आणि सात पावलांऐवजी सात प्रश्न. एकमेकांना विचारायचे, उत्तर आधी पाठ करायचं नाही. खरं सांगते, ऐकताना माझे डोळे भरून आले होते. जोहरानं विचारलं, "माझ्यावरून घरात वाद झाला तर तुम्ही कुठे उभे राहाल?" विनायक म्हणाला, "तुझ्या बाजूला." पंचवीस माणसांनी टाळ्या वाजवल्या.

मी आधीपासून सांगत होते, खांडव्याला जाऊन कचेरीत लग्नाची नोंद करा. धर्म न बदलता लग्न करायचा नवा कायदा आलाय, हे मास्तरांनीच मला पेपरातून वाचून दाखवलं होतं. पण त्याला महिनाभर आधी कचेरीत नोटीस लावावी लागायची, आणि भाईदासशेठ कोर्टाच्या कामानं सारखे खांडव्याला जायचे. त्यांनी वाचलं तर? ते मला पटलं. लग्न लागल्यावर मात्र मी पुन्हा म्हटलं, आता तरी जा. तर मास्तरांचा चेहरा उतरला. "म्हणजे मी लावलं ते लग्न नव्हे? कारकुनाचा शिक्का बसला की मग होणार?" झालं. पोरांनी मान डोलावली. गुरूचं मन कोण मोडणार? नोंद राहिली ती राहिलीच.

अकरा महिने दोघं भाड्याच्या खोलीत राहिली. मग विनायकच्या आईनं अंथरूण धरलं. तो बघायला म्हणून गेला तो परत आलाच नाही. दीड महिन्यात त्याचं जातीतल्या मुलीशी लग्न लागलं, भटजी, बँड, पंगती, सगळं. मी मास्तरांना धरून वकिलाकडे नेलं, कारण एक बायको असताना दुसरी करायला आता बंदी आली होती. वकिलानं विचारलं, "पहिलं लग्न कुठल्या कायद्यानं झालं?" मास्तरांनी सात प्रश्नांचा कागद पुढे केला. वकिलानं तो पुरता वाचला, छान लिहिलंय म्हणाला, आणि परत दिला.

पुढच्या रविवारी दुपारी जोहरा आमच्याकडे आली. रडली नाही. अब्बांनी तिला घरात घेतलं होतं. त्यांच्या नात्यातला एक भला माणूस, बायको वारलेला, सगळं माहीत असून तिच्याशी निकाह करायला तयार होता, आणि तिलाही तो बरा वाटत होता. पण निकाहच्या कागदावर काझीसाहेबांना लिहावं लागतं, मुलगी कुंवारी, बेवा म्हणजे विधवा, की तलाकवाली.

"मास्तर, मी काय सांगू?" ती म्हणाली. "लग्न झालं होतं म्हणावं, तर ते मोडलं कुणी? झालंच नव्हतं म्हणावं, तर अकरा महिने त्या खोलीत मी कोण म्हणून राहिले?"

मास्तर बोलायला लागले. समाज, काळ, जुने संस्कार. मी म्हटलं, "अहो, ती विचारतेय त्याचं उत्तर द्या."

"निकाह केला असता तर सुटायचा रस्ता असता," जोहरा म्हणाली. "तुम्ही बांधलंत, तुम्हीच सोडवा. तेही लिहून द्या. मी बसते."

मास्तरांनी खरंच कागद घेतला, दौत उघडली. ती समोर हात मांडीवर ठेवून बसली होती. अर्धा तास गेला असेल. मी चहा केला, तिनं घेतला, मास्तरांचा तसाच राहिला. कागदावर त्यांनी तिचं नाव तेवढं लिहिलं. या माणसाला शब्द सापडत नाही हे मी पहिल्यांदा बघत होते. खोटं कशाला बोलू, मला कीव नाही आली, रागच आला.

"राहू द्या," जोहरा उठली. "मी कुंवारी सांगते. कुणी विचारायला आलं तर तुम्हीही तेच सांगा." मास्तर हो म्हणाले.

आठ दिवसांनी काझीसाहेबांचा माणूस खात्री करायला आमच्या घरी आला. मास्तरांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, "लग्न कसलं हो, आमच्या शाळेचा कार्यक्रम होता तो."